सीटखालचं इंजिन

"काकू, तुमच्या सीटखाली बसून कोण सिगरेट ओढतंय?"

भोसरीच्या उड्डाणपुलावर गाडी थांबवायला मनाई आहे. तसा बोर्डच आहे.

दुधाची रिकामी पिशवी पाइपच्या तोंडाला बांधली की ती फुगते. इंजिन जितकं म्हातारं, तितकी लवकर.

सासूने, शालनबाईंनी, पोळ्या करायला घेतल्या. लाटणं हातात वाकडं का फिरतंय म्हणून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. त्याची एका बाजूची मूठ नव्हती.

'स्कूल व्हॅन चऱ्होली' या ग्रुपवर सोमवारपासून कुणी काही लिहिलं नव्हतं. साधं गुड मॉर्निंगसुद्धा नाही.

सावित्रीबाई नाक वर करून म्हणाल्या, "मला तर खोबरेल तेलाचा वास येतोय."

या सगळ्या गोष्टी एकाच व्हॅनच्या आहेत. व्हॅन पांढरी, जुनी, पेट्रोलवर चालणारी. तिचं इंजिन पुढे नाही, मागेही नाही. पुढच्या दोन सीटांच्या खाली आहे. पूनम ढगे त्यावर बसून चऱ्होलीच्या सोसायट्यांमधली मुलं संत तुकाराम नगरच्या शाळेत नेते आणि दुपारी परत आणते. थंडीत तिची सीट उबदार असते. मार्चपासून नुसती भाजते.

*

मालोजीचं गॅरेज म्हणजे चार खांब आणि पत्रे. ज्या रानात त्याच्या आजोबांनी ज्वारी काढली, तिथे आता बावीस मजली टॉवर आहे. टॉवरच्या कंपाउंडला चिकटून उरलेल्या तुकड्यावर मालोजी जुन्या गाड्या दुरुस्त करतो. पैशाची गरज त्याला फारशी नाही. पण घरात बसलं की सुना टीव्ही बघू देत नाहीत, असं तो सांगतो.

त्याने ड्रायव्हरची सीट उचलून मागे टेकवली, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं जागेवर ठेवलं. झाकण थयथय नाचायला लागलं. कडेने निळसर धूर फक फक करत बाहेर पडत होता.

"बघितलंस? हे असं नाचतंय म्हंजी खाली वारा कोंडलाय."

"कुठला वारा, भाऊ?"

"आगं, पेट्रोलचा भडका उडतो तो पिस्टनच्या डोक्यावर. त्यातला थोडा जाळ रिंगांच्या कडंनं खाली उतरतो. नव्या गाडीतबी उतरतो, न्हाई असं न्हाई. खाली सगळं ऑइल. तितं तो साठला तर इंजिन फुगंल. म्हून बनवणाऱ्यानं त्याला ही वाट ठिवलीया." त्याने अंगठ्याएवढ्या जाड काळ्या रबरी पाइपवर टिचकी मारली. "हितनं तो वर हवेच्या फिल्टरमधी जायचा, तितनं परत इंजिनात, आन् जळून जायचा. ना कुणाला वास, ना धूर."

"मग फिल्टरलाच जोडा की परत."

"जोडला हुता की! इसरलीस? दिघीच्या चढाला प्लग ऑइलनं भरले आन् तू आन् पोरं मिळून गाडी ढकलत बसला."

पूनम विसरली नव्हती. मुलांना त्या दिवशी फार मजा आली होती. त्यांच्या आयांना आली नव्हती. त्यानंतर मालोजीने तो पाइप फिल्टरपासून सोडवून लांब केला आणि पार मागच्या बंपरपर्यंत नेला, तर स्कूटरवरच्या एका बापाने मागून धुराचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. मग पाइप आखूड करून पोटाखाली सोडला. गाडी पळत असली की वास मागे राहतो. सिग्नलला उभी राहिली की फटींमधून वर येतो, मुलांच्या गणवेशात बसतो, डब्यांतल्या पोळ्यांनाही लागतो.

"रिंगा गेल्यात, पूनम. पिस्टन बसतो तो बोअर खाल्लाय. पयल्यांदा शेराला चिमूटभर वारा उतरायचा खाली, आता पायलीभर उतरतोय. वाट तेवढीच हाय." त्याने कोपऱ्यातली दुधाची रिकामी पिशवी घेऊन पाइपच्या तोंडाला सुतळीने बांधली. पिशवी हां हां म्हणता टम्म फुगली आणि निसटून उडाली. मालोजीला हसू आलं. "इंजिन उतरवाया लागतंय. आठ-धा दिस गाडी उभी."

"परीक्षा संपू द्या. मे महिन्यात तुमच्याच दारात आणून लावते."

"का? आत्ताच उतरवू की. पोरं धा दिस रिक्षानं जातील."

"भाऊ, दुसरा व्हॅनवाला एकदा मुलं घेऊन गेला की परत देतो का? म्हशी आहेत का त्या, दावणीला आणून बांधायला?"

 हे मालोजीलाही माहीत होतं. त्याने झाकण घट्ट केलं, हात पुसले.

"मे म्हैन्यापातूर ती दम धरंल. फक्त ह्या पाइपला बोट लावू नकोस. वास येतोय म्हून कोण शाना सांगंल, बूच मार. मारायचं न्हाई. म्हाताऱ्या माणसाला धाप लागली, तू त्याच्या तोंडावर हात दाबून धरला, तर धाप थांबती व्हय?"

"थांबते की."

"थांबती. माणूसच थांबतो."

*

व्हॅन पूनमच्या नवऱ्याने, जयदीपने घेतली होती. शाळेची मुलं नेऊन-आणून झाली की चाकणला सेकंड शिफ्ट, असा त्याचा बेत होता. दोन वर्षांपूर्वी तळेगाव रस्त्यावर कंटेनरने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. तेराव्याला परभणी जिल्ह्यातून, बोरीहून, त्याचा धाकटा भाऊ सोपान आला. त्याने व्हॅनभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली आणि म्हणाला, "वैनी, ही विकून टाकू. तुम्ही अन् आई गावाकडं चला. हिलाबी मदत होईल."

हिलाबी म्हणजे त्याच्या बायकोलाही.

पूनमला मूलबाळ नव्हतं. लेकरं नसलेली विधवा सून घरात आली की ती काय होते, हे तिला बोरीच्या दिवाळीतच कळलं होतं. पहाटे पहिला पाण्याचा हंडा तिने भरायचा आणि रात्री शेवटचं ताट तिने घासायचं. मधल्या वेळात कुणी वाईट बोलत नव्हतं, कुणी काही विचारतच नव्हतं. भाजी कुठली करायची हेसुद्धा नाही. पाहुणे आले की जाऊ सांगे, "ही पुण्याची आमची." त्याच्या पुढचा शब्द ती कधी बोलली नाही.

दिवाळीहून परतल्यावर पूनमने पंधरवड्यात गाडी शिकून घेतली. लायसन आलं, बॅज आला, जयदीप न्यायचा ती शाळेची मुलं तिच्या गाडीत बसायला लागली.

"हे साल बघू," शालनबाई म्हणाल्या होत्या. "गाडी चालली तर ऱ्हाऊ. बंद पडली का मग म्या काय तुझं ऐकणार न्हाई, माय. इथं कोण हाय आपलं? मेल्यावर खांदा द्यायला त्या टॉवरचा लिफ्टवाला येणार का?"

सासू वाईट नव्हती. तिला फक्त गाव हवं होतं. पूनमला ते नको होतं. दोघींमध्ये निकाल द्यायला ती पांढरी व्हॅन होती.

*

सोमवारी तनुजाने गाडीत उलटी केली.

तनुजा दुसरीत होती. सिगरेटचं तिनेच विचारलं होतं. मॅगझिन चौकातल्या सिग्नलला गाडी फार वेळ उभी राहिली, सीटखालून धुराचा भपका आला, आणि तिने आपल्या आणि शेजारच्या अशा दोघांच्या दप्तरांवर सगळा नाश्ता काढला. पूनमने गाडी बाजूला घेतली, तिचं तोंड धुतलं, दप्तरं पुसली, स्वतःच्या ओढणीने तिचा फ्रॉक कोरडा केला.

तेव्हापासून ग्रुप गप्प होता. पूनमही त्या ग्रुपमध्ये होती. बायका एरवी तिच्यासमोरच लिहीत, 'व्हॅनवाली आज पण लेट', आणि नंतर आठवण झाली की 'सॉरी ताई' टाकत. आता तेही थांबलं. दुसरा ग्रुप निघाला आहे, हे तिने त्यावरूनच ओळखलं.

गुरुवारी संध्याकाळी तनुजाच्या आईचा फोन आला. दिव्या माण गावातल्या एका आयटी कंपनीत होती. बोलायला गोड, पण कामाचं बोलून फोन ठेवणारी.

"ताई, राग मानू नका हं. सगळ्या पेरेंट्सचं म्हणणं आहे की व्हॅन बदलावी. दिघीचे एक जण आहेत, त्यांची नवीन सीएनजी आहे."

"मॅडम, परीक्षेपर्यंत तरी..."

"तेच मी म्हटलं. म्हटलं, एकदम असं कुणाचं काम काढून घ्यायचं नाही. आधी बघू तरी. उद्या सकाळी मी आणि आमच्या सासूबाई तुमच्या गाडीत बसतो, शाळेपर्यंत. येतानाही तुमच्याबरोबरच येऊ. सासूबाईंचं नाक फार तिखट आहे. त्यांना वास नाही आला तर कुणालाच येणार नाही. मग मी ग्रुपवर तसं लिहीन. चालेल ना?"

"चालेल," पूनम म्हणाली.

फोन ठेवून तिने मालोजीला लावला. तो भाच्याच्या साखरपुड्याला खेडला गेला होता. मागे बँड वाजत होता.

"भाऊ, उद्या सकाळपुरता वास बंद करायचाय."

"काय? मोठ्यानं बोल!"

"वास! वास बंद करायचाय!"

"परवा ये! परवा बघू!" तो ओरडला. "आन् त्या पाइपला—"

पुढचं बँडमध्ये गेलं. जायची गरजही नव्हती. ते तिला पाठ होतं.

*

शालनबाई शेजारणीकडे हळद दळून आणायला गेल्या होत्या. अजून उजेड होता. पूनम चाळीच्या बोळात उभ्या व्हॅनपाशी आली, सीट उचलली, पाइपच्या तोंडात करंगळी घालून बघितली. मग घरात गेली. चमच्याची दांडी बारीक. बाटलीचं बूच जाड. खडूचा तुकडा फुटला. फळीवर लाटणं होतं. त्याची मूठ एका बाजूला निमुळती, दुसऱ्या बाजूला गोल. निमुळती बाजू पाइपात घातली तर अर्ध्यावर जाऊन घट्ट बसली.

तिने ती हॅक्सॉने कापली. त्या वेळी तिला काय वाटत होतं, हे सांगायचं तर फार सोपं आहे: तिला वाटत होतं की उद्या सकाळपुरतंच. चऱ्होलीपासून शाळा, शाळेपासून चऱ्होली. गाडी तापेल, थोडा वारा कोंडेल, मग ती बूच उपसेल. म्हाताऱ्याच्या तोंडावर आपण क्षणभर हात ठेवतोच की, घरात पाहुणे असले आणि तो फार खोकायला लागला की.

वरून तिने तारेचा वेढा मारला. तार पकडीने पिळली.

*

दिव्याच्या सासूबाई, सावित्रीबाई, पुढच्या सीटवर बसल्या, म्हणजे बरोबर इंजिनावर. बसल्या बसल्या त्यांनी पदर खोचला आणि दोनदा खोल श्वास घेतला. मागच्या मुलांनी लगेच नाकं फुरफुरवून नक्कल केली.

"गप्प रे मेल्यांनो. दिव्या, तू मागे बसून बघ. मागेच म्हणतात ना जास्त येतो?"

"हो आई."

दिघी आली. मॅगझिन चौकातला सिग्नल नेमका लाल झाला. पूनमने कान दिला. इंजिनाचा आवाज वेगळा नव्हता. उलट जरा बसका, शांत वाटत होता. गाडी उभी राहिली. शेजारी पीएमपीची बस उभी राहिली. 

"आजी, आला का वास?" तनुजाने विचारलं.

"कसला वास? मला तर खोबरेल तेलाचा वास येतोय. हिच्या डोक्याचा." त्यांनी पूनमकडे बघितलं. "कुठलं लावतेस गं? साधंच ना? तेच चांगलं. आमच्या दिव्याचं तेल कोरियाहून येतं, आणि केस बघ."

मुलं खिदळली. दिव्याही हसली. सिग्नल सुटला.

शाळेच्या दारात मुलं उतरली. पूनमच्या गाडीतून उतरायची एक पद्धत होती: पुढच्याचं दप्तर मागच्याने धरायचं आणि आगगाडी करून फुटपाथपर्यंत जायचं, मधले डबे सुटले तर सगळ्यांनी परत गाडीत येऊन बसायचं. दिव्याने त्याचा व्हिडिओ काढला. परत येताना तिने विचारलं, "ही आयडिया कुणाची, ताई?"

"माझीच. एकदा एक जण रस्त्यात पळाला होता."

"किती छान. मला माहीतच नव्हतं."

चऱ्होलीला उतरताना सावित्रीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "माझ्या नाकाची हमी आहे. तू काळजी करू नकोस."

पूनम सोसायटीच्या फाटकाबाहेर जाऊन थांबली, तोवर फोन वाजलाच. जुन्या ग्रुपवर दिव्याने आगगाडीचा व्हिडिओ टाकला होता. खाली लिहिलं होतं: 'आज मी आणि सासूबाई स्वतः जाऊन आलो. अजिबात वास नाही. मुलं खूश आहेत. माझं मत, हीच व्हॅन ठेवावी.' त्याखाली अंगठे आले. मग एक फूल. मग एकीने लिहिलं, 'सॉरी पूनमताई, गैरसमज झाला.'

तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं.

*

आता दुपार. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं इथे आहे.

शाळेबाहेरच्या पिंपळाखाली तिने व्हॅन लावली. सीट उचलली. पकड हातात घेतली. तारेचा पीळ उलटा फिरवायचा, मूठ ओढायची, एवढंच काम होतं. ऑइल मोजायची दांडी तिच्या जागेवरून किंचित वर आल्यासारखी दिसली. तिने ती अंगठ्याने दाबून बसवली. खाली, क्लचच्या बाजूला, ऑइलचा एक ओघळ होता. तो आधीही असायचा. बहुतेक असायचा.

वास नव्हता.

कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा सीटखालून वास येत नव्हता. ती वाकून बसली होती आणि तिला पिंपळाचा, धुळीचा, समोरच्या वडेवाल्याच्या तेलाचा वास येत होता. तिला वाटलं, परत जाताना सगळ्या सोसायट्यांच्या फाटकांवर आया उभ्या असतील. सकाळी वाचलेलं असेल प्रत्येकीने. जी ती दार उघडून नाक आत घालेल. आजच. उद्यापासून कुणी बघणार नाही.

मुलांना घरी सोडून मग काढू.

तिने सीट खाली घेतली.

*

उड्डाणपुलाच्या चढाला गाडी ओढेना. क्लच घसरत होता. इंजिन गुरगुरत होतं आणि चाकं ऐकत नव्हती. मागचे हॉर्न देत होते. पूनमने गिअर खाली घेतला, जोर दिला.

सीटच्या पत्र्याला आतून काहीतरी आदळलं. ठण्णकन. ऑइलची दांडी उडाली होती.

मग वास आला. सगळा एकदम. त्याच्यामागून धूर, निळा नाही, पांढरा, दाट, तेल तव्यावर सांडल्यावर येतो तसा. तो तिच्या दोन्ही मांड्यांच्या बाजूंनी वर आला आणि समोरची काच नाहीशी झाली.

तिने गाडी कठड्याला लावली, चावी बंद केली, हातब्रेक ओढला. खोकला येत होता. डोळे उघडत नव्हते.

"आगगाडी!" ती ओरडली. "आगगाडी करा! तनुजा, तू इंजिन! उतर!"

सरकता दरवाजा बाहेरून कुणीतरी ओढला, टेम्पोवाला होता. तनुजा उतरली. तिचं दप्तर धरून दुसरा, त्याचं धरून तिसरी. खोकत, नाक पुसत, एक जण मोठ्याने रडत, पण डबे सुटले नाहीत. पूनम त्यांना कठड्याच्या कडेकडेने पुलावरून मागे घेऊन गेली, गाडीपासून लांब, आणि सगळ्यांना कठड्याला पाठ लावून उभं केलं. मग मोजलं. परत मोजलं. टेम्पोवाल्याने व्हॅनच्या सीटखाली आग विझवायचं लाल नळकांडं मारलं. जाळ नव्हता, नुसतं ऑइल, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर जळत होतं. तरीही त्याने अख्खं नळकांडं रिकामं केलं.

"ताई, पोरं सगळी हायत ना? मग बसा खाली.  बसा."

ती बसली नाही.

गाड्या हळू होत होत्या आणि काचा खाली करून लोक फोन धरत होते. उजळणी म्हणा, असं तिने मुलांना सांगितलं. त्यांनी सातचा पाढा म्हटला. सात सत्ते पंचेचाळीस, असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्याने त्याला चापट मारली. 

*

पूनमने फोन लावले. आधी मालोजी जीप घेऊन आला. साखरपुड्याचा फेटा अजून मागच्या सीटवर पडला होता. त्याने व्हॅनची सीट उचलली, वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग पूनमकडून पकड घेतली. वर आला तेव्हा त्याची मूठ बंद होती.

"कोंडलेल्या वाऱ्यानं मागचं ऑइल सील भाईर फेकलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "सगळं ऑइल क्लचवर. दांडी उडाली तितनं उरलेलं वर आलं." मग आणखी हळू: "हे कुणी बघितलं न्हाई. म्या खिशात टाकतो. आई-बापं आली का म्या बोलीन. तू तोंड उघडू नकोस."

पालक यायला लागले होते. स्कूटरी, रिक्षा, एक बाप धावतच चढ चढून आला. प्रत्येकाने आपलं मूल चाचपून बघितलं. कुणी पूनमला ओरडलं नाही. एक आई तर म्हणाली, "बरं झालं तुम्ही पटकन उतरवलं."

दिव्या शेवटी पोचली. माणहून निघाली होती. गाडीतून उतरली तीच रडत. तनुजाला तिने इतकं आवळलं की ती म्हणाली, "मम्मा, दुखतंय."

"जुनी गाडी हाय, मॅडम," मालोजी पुढे झाला. "सील जातंच कवातरी. कुणाचीच चूक न्हाई त्यात. बाईनं तर पोरं वाचवली."

"नाही, चूक माझी आहे." दिव्याने नाक पुसलं. "मीच लिहिलं ना ग्रुपवर. सगळ्या जणी व्हॅन बदलायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, मी स्वतः बसून आले, ठेवा हीच. माझ्या भरवशावर पाठवली सगळ्यांनी. काही झालं असतं तर? सकाळी मी खरंच नीट बघितलं नाही का? इतका वास असताना मला सकाळी कसा आला नाही, ताई? मला कसा कळला नाही?"

ती खरोखर विचारत होती. पूनमकडे बघून विचारत होती.

मालोजी म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, घरी जावा."

पूनमने मालोजीचा हात धरला. त्याची बोटं एकेक करून उघडली. त्याने उघडू दिली नाहीत, मग दिली. आत लाकडाचा तुकडा होता, एका बाजूने निमुळता, ऑइलने काळा झालेला, तारेचा वळ उमटलेला.

"सकाळी वास नव्हता, कारण हे आत होतं," ती म्हणाली. "त्या पाइपमधून धूर जायचा असतो. मी तो बंद केला. तुम्ही बसणार होता म्हणून. दुपारी काढता आलं असतं. मी काढलं नाही."

दिव्याने तो तुकडा घेतला. फिरवून बघितला.

"हे लाटणं आहे?"

"हो."

पुलावरून एक कंटेनर गेला आणि पायाखालचं सिमेंट हललं. दिव्याने मागे वळून रस्त्याकडे बघितलं, मग तनुजाकडे, मग हातातल्या तुकड्याकडे.  तिने तो पूनमच्या तळहातावर परत ठेवला, काळजीने, कुणाची वस्तू कुणाला द्यावी तसा, आणि आपला हात रुमालाला पुसला.

"काकू, उद्या किती वाजता?" तनुजाने विचारलं.

"चल," दिव्या म्हणाली.

*

मालोजीने दोर बांधला.  गाठ तपासताना एवढंच म्हणाला, "म्या सांभाळून घेतलं असतं."

"माहीत आहे, भाऊ."

"मग?"

 पूनम ऑइलने ओल्या, पांढरी पूड उडालेल्या सीटवर बसली आणि स्टिअरिंग धरलं. ओढून नेताना मागच्या गाडीतल्या माणसाला जास्त काम असतं. दोर सैल पडू द्यायचा नाही, झटका बसू द्यायचा नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, त्यावर उभं राहावं लागतं. जीप निघाली. पूल उतरला. मॅगझिन चौकातला सिग्नल हिरवा होता. मागे कुणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती. वळण आलं की ती सीटखालून या कडेची त्या कडेला घरंगळत जाई, आणि पूनम दर वेळी आरशात बघे.

बोरीला सोपानने आई आणि वैनीसाठी मागची खोली आदल्या आठवड्यातच रिकामी करून ठेवली होती.